सात किलोंची साक्ष

पासंगसाहेबांच्या लिव्हरवर चरबी चढलीय ही बातमी बिल्डिंगमध्ये साहेबांच्या आधी पोचली. लॅबच्या माणसाने पाकीट तळमजल्यावरच्या रिटायर्ड स्टेशनमास्तरांकडे ठेवलं होतं, आणि पाकिटाचा डिंक जरा ढिला होता. साहेब संध्याकाळी जिना चढायला लागले तर मास्तर दारातच उभे. म्हणाले, "या. बसा जरा. किती वर्षं घेताय?"

"काय घेतोय?"

"आता आमच्यापासून काय लपवायचं. लिव्हर उगाच नाही बिघडत."

साहेबांनी आयुष्यात दारूच्या बाटलीला फक्त एका कारणासाठी हात लावला होता. तिच्यात लेबलावर लिहिलेलं माप भरतंय की नाही ते बघायला. ते त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी "हो हो, ऑफिसचं काम म्हणूनच" असं म्हणून डोळे मिचकावले. तिथून वर तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईस्तोवर साहेब पक्के दारुडे झाले होते.

पासंग हे काही त्यांचं खरं नाव नाही. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात इन्स्पेक्टर. तराजू खोटा करायचा असला की दुकानदार एका पारड्याखाली गुपचूप खडा चिकटवतो, त्याला पासंग म्हणतात. बावीस वर्षांत साहेबांनी असे इतके खडे शोधून काढले की बाजाराने ते नाव उचलून त्यांनाच चिकटवलं. तोंडावर कोणी म्हणत नाही. पण त्यांना माहीत आहे, आणि मनातून ते आवडतंही.

तर लिव्हर. खात्याची दर वर्षी तपासणी असते, तिच्यात साहेबांच्या रिपोर्टवर तीन ठिकाणी लाल खुणा आल्या आणि वजन भरलं अठ्ठ्याऐंशी किलो सहाशे. खात्याचा नियम असा की बाजारात फिरणाऱ्या माणसाला वीस-वीस किलोची वजनं उचलावी लागतात, ट्रकच्या काट्याखाली वाकावं लागतं, म्हणून तीन लाल खुणावाल्याला फिरती बंद. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही लाल निघालं तर कायमचं तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये. त्या खोलीला एक खिडकी आहे, तिच्यातून लोकांच्या पायातल्या चपला दिसतात. आधी तिथे बसलेला कारकून शेवटी शेवटी माणसांना चपलेवरूनच ओळखायचा, चेहरा दाखवला की गोंधळायचा.

साहेबांना शिक्क्याची पिशवी जमा करावी लागली. पिशवीत शिशाच्या गोळ्या, तार आणि ती पकड, जिच्यात गोळी दाबली की काट्यावर इन्स्पेक्टरचा नंबर उमटतो. पिशवी गेली ज्युनियरकडे. ज्युनियरला ऑफिसात सगळे इस्त्री म्हणायचे, कारण तो बाजारात उन्हात फिरून आला तरी शर्टाची घडी मोडलेली नसायची. साहेबांच्या मते ज्याची घडी मोडत नाही त्याने काट्याखाली वाकून बघितलेलंच नसतं.

"सर, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे," इस्त्री म्हणाला.

"पकडीचा स्प्रिंग कडक आहे. अंगठा चेमटतो," साहेब म्हणाले. आशीर्वाद समजा की शाप समजा, एवढंच बोलले.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी एका चिठ्ठीवर पाच ओळी लिहून दिल्या. रोज पाऊण तास भरभर चालणं. साखर आणि तळलेलं कमी. ताटात अर्धी जागा भाजीला. झोप वेळेवर. आणि पाचवी ओळ, खाली रेघ मारून, की लिव्हर साफ करतं म्हणून कोणी काही काढा-गोळी दिली तर घेऊ नका. साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मागे काही नव्हतं. एवढा मोठा आजार आणि औषध म्हणून चालायला सांगतात, याचा त्यांना अपमान वाटला. चालता तर येत होतंच. त्याला डॉक्टर कशाला?

चिठ्ठी फ्रिजवर लावली. तिच्यावर दोन दिवसांत दूधवाल्याचा फोन नंबर लिहिला गेला.

इकडे बिल्डिंग कामाला लागली. माणूस दारुडा असला तरी आपला शेजारी आहे, सुधारला पाहिजे, असा एकंदर सूर. मास्तरांनी कसल्याशा मुळ्या उकळून काळा काढा बाटलीत भरून दिला. रोज सकाळी अर्धा पेला. "माझ्या मेव्हण्याचं लिव्हर गेल्यात जमा होतं," मास्तर म्हणाले. मेव्हणा आता कसा आहे ते साहेबांनी विचारलं नाही, मास्तरांनीही सांगितलं नाही. वरच्या मजल्यावर शिवणक्लास चालवणाऱ्या काकूंनी फळांच्या रसाचं वेळापत्रक माप घ्यायच्या टेपच्या मागे लिहून दिलं. तीन वेळा, मोठा पेला, वर दोन चमचे मध. "मध म्हणजे साखर नव्हे हो," काकू म्हणाल्या, "ते निसर्गाचं असतं." ऑफिसच्या स्टोअरकीपरने हिरव्या कॅप्सूल आणून दिल्या. त्या लिव्हर आतून धुतात म्हणे. कशाने धुतात हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

साहेबांनी सगळं सुरू केलं. चालणंही केलं, नाही असं नाही. पण बाजारातून चालायचे. बावीस वर्षांची सवय, प्रत्येक दुकानासमोर पाय आपोआप थांबायचा, मान वाकडी व्हायची, पारड्याकडे नजर जायची. पाऊण तासात ते मोजून नऊ दुकानं चालायचे. दुकानदार बिचारे हातातलं टाकून उभे राहायचे. पिशवी गेली म्हणे, मग हा रोज येऊन बघतो काय? त्या महिन्यात बाजारात लोकांना माल जरा जास्तच मिळाला.

आता वजनकाटा. साधा, काट्याचा, पायाखाली ठेवायचा. दुसऱ्या कोणी दुकानातून आणला असता, पाय ठेवला असता, संपलं. साहेबांना ते चालण्यासारखं नव्हतं. खात्याची प्रमाण वजनं घरी आणून काटा तपासल्याशिवाय त्यावर पाय ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. वजनं बाहेर न्यायला गेटपास लागतो. गेटपासवर कारणाचा रकाना असतो. साहेबांनी खरं ते लिहिलं, "यकृत".

स्टोअरकीपरने कागद परत सरकवला. "हा विषय आपल्या खात्यात येत नाही."

"मग काय लिहू?"

"तपासणी लिहा."

"कसली?"

"ते विचारायचा रकाना नाही."

चार वजनं, वीस-वीस किलोची, तीन जिने. एक एक करून साहेबांनी वर नेली आणि दोन दिवसांनी एक एक करून खाली आणली. त्या अख्ख्या महिन्यात लिव्हरचं काही भलं झालं असेल तर ते या आठ खेपांमध्ये. काटा बरोबर निघाला. मग त्यांनी इस्त्रीला घरी बोलावलं.

"सर, घरातल्या काट्याला सील लागत नाही."

"लाव."

इस्त्रीने सील लावलं. अंगठा चेमटला. साहेबांना जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून साहेब काट्यावर चढले, खाली पाहिलं, आणि त्यांना पोट दिसलं. नुसतं पोट. पुढे वाकले तर काटा हलायचा, म्हणजे माप खोटं. आरसा धरून पाहिला तर आकडे उलटे. सील केलेला, प्रमाण वजनांनी तपासलेला, अख्ख्या बिल्डिंगमधला सगळ्यात खरा काटा पायाखाली, आणि मालकाला तो वाचता येत नाही. शेवटी घरातल्या माणसाने वाचायचं ठरलं. सोमवार ते बुधवार बायको, गुरुवार-शुक्रवार शाळेत जाणारी मुलगी, शनिवार-रविवार आई. वाचणाऱ्याने डोळा सरळ काट्यावर ठेवायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, साहेब तो बाथरूमच्या दारावरच्या तक्त्यावर लिहिणार.

बाजारात साहेब हे कधीच करायचे नाहीत. दुकानदार म्हणाला "पाच किलो, साहेब", तर ते त्याला बाजूला सारून स्वतः बघायचे. नव्या माणसांना शिकवायचे, "काटा नंतर बघा, आधी वाचणारा कोण ते बघा." पण घर म्हणजे बाजार नव्हे, असं त्यांना वाटलं. चूक झाली ती इथे.

तीन आठवड्यांत वजन वाढलं. रोज तीन पेले रस आणि मध पोटात गेल्यावर दुसरं काय होणार? आकडा एकोणनव्वदला टेकला आणि साहेबांनी जेवण सोडलं, फक्त काढा आणि रस. मग चिडचिड. बायकोच्या बोलण्यात खोट काढ, मुलीच्या वह्या तपास, मीठ मोजून घाल. जेवणाच्या टेबलावर ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि बाकी तिघी न बोलता जेवायच्या. खिडकीतून चपला बघत बसल्यासारखा चेहरा. आईला ते बघवेना.

रविवारी आई काट्याशी वाकली. तिला तसं जवळचं धड दिसत नाही. पण मुलाचा चेहरा दिसत होता. म्हणाली, "सत्त्याऐंशी."

"नक्की?"

"मी तुझी आई आहे रे."

साहेब त्या दिवशी जेवले. दोनदा हसले. सोमवारी बायकोने पाहिलं तर काटा अठ्ठ्याऐंशी नऊशेवर, आणि तक्त्यावर सासूबाईंचे सत्त्याऐंशी. आता खरं सांगावं तर सासूबाई खोट्या पडतात आणि घरात पुन्हा तो चेहरा. ती म्हणाली, "शहाऐंशी आठशे." गुरुवारी मुलगी आली. तिने तक्ता बघितला, काटा बघितला, पुन्हा तक्ता बघितला, आणि शहाऐंशी सांगून शाळेला पळाली. प्रत्येकीला वाटत होतं की या घरात खोटं बोलणारी आपण एकटीच. बाकीच्यांचा आकडा खरा, आपल्यालाच कुठेतरी चुकीचा दिसतोय. त्यामुळे कोणी कोणाला विचारलं नाही. तक्ता जिना उतरल्यासारखा खाली उतरत गेला आणि काटा होता तिथेच बसून राहिला, सीलबंद.

आठव्या आठवड्यात तक्त्यावर आकडा आला एक्क्याऐंशी सहाशे.

साहेबांची मान ताठ झाली. ऑफिसात आता ते इतरांना सल्ले द्यायचे. कोणी चहात साखर घातली की थांबून बघायचे, काही न बोलता. पट्टा अजून जुन्याच भोकात लागत होता, पण चामडं जुनं झालं की आक्रसतं असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. एक दिवस ते इस्त्रीबरोबर खात्याच्या गाडीतून बाजारात गेले, काम बघायला नव्हे, नुसतंच चालायला असं म्हणत. कोपऱ्यावर धान्यवाल्याचं मोठं दुकान. पोती तोलायचा प्लॅटफॉर्मचा काटा दारातच.

"साहेब, बारीक झालात," धान्यवाला म्हणाला. तो गिऱ्हाईकाला असंच काहीतरी म्हणायचा. पण साहेबांनी ते मनावर घेतलं.

"सात किलो," ते म्हणाले, आणि बूट काढून काट्यावर चढले. हा काटा असा की आकडा समोर डोळ्यांसमोर येतो, मध्ये पोट येत नाही.

अठ्ठ्याऐंशी नऊशे.

साहेब उतरले. पुन्हा चढले. अठ्ठ्याऐंशी नऊशे. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून इस्त्री दोन पावलं मागे सरकला. राग नव्हता तो, आनंद होता. सात किलो तीनशेची चोरी! बावीस वर्षांत एवढी मोठी सापडली नव्हती. एका माणसामागे सात किलो, मग पोत्यामागे किती?

"काटा जप्त करा," ते म्हणाले.

"साहेब, काय झालं?"

"माझ्याच तोंडावर विचारतो काय झालं. इस्त्री, वजनं काढ गाडीतून."

ऑफिसात पाठीमागे म्हणायचं नाव त्यांनी तोंडावर म्हटलं, पण ती वेळ रुसायची नव्हती. माणसं जमली. आजूबाजूचे दुकानदार आले, रिक्षावाले आले, शिवणक्लासवाल्या काकू गहू घ्यायला आल्या होत्या त्या पिशवीसकट पुढे आल्या. इस्त्रीने पहिलं वजन ठेवलं. वीस. दुसरं. चाळीस. साहेब हात मागे बांधून उभे. तिसरं, साठ. चौथं. ऐंशी.

बरोबर ऐंशी.

"एक किलोचं ठेव वर," साहेब म्हणाले. एक्क्याऐंशी. "पुन्हा कर." पुन्हा केलं. आठ खेपा झाल्या. इस्त्रीच्या शर्टाची घडी आयुष्यात पहिल्यांदा मोडली.

"सर, काटा बरोबर आहे," तो हळू म्हणाला. "आणि सर, सील तुमचंच आहे. गेल्या वर्षीचं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. धान्यवाल्याने खुर्ची आणली, पाणी आणलं, आणि अगदी मायेने म्हणाला, "कपड्यांचं असेल, साहेब. कपड्यांचं वजन धरत नाही आपण."

"सात किलोचे कपडे?" काकू म्हणाल्या. त्यांना कपड्यातलं कळत होतं.

घरी आल्यावर साहेबांनी बूटही काढले नाहीत. वही घेतली, टेबलाशी बसले, आणि तिघींना एकेकीला बोलावलं. साक्ष अशीच घ्यायची असते, वेगवेगळी.

आईने बसायच्या आधीच कबूल केलं. "सत्त्याऐंशी मी सांगितलं. पुढे मी नुसती तक्त्याच्या मागोमाग गेले."

"का सांगितलं?"

"तू जेवत नव्हतास."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग मुलगी. ती म्हणाली, "आजी आणि आईने सांगितलेल्या आकड्याच्या वर मी कशी जाणार? शाळेत पण आधीचं उत्तर बघूनच पुढचं लिहितात."

"आणि ते बरोबर असतं?"

"सगळ्यांचं सारखं तर असतं."

बायको बसलीच नाही. पदराला हात पुसत उभ्याने म्हणाली, "लिहा. सोमवार ते बुधवारचे सगळे आकडे माझे, खोटे. आणि हेही लिहा, की सात किलो गेलेला माणूस त्याच पट्ट्याच्या त्याच भोकात कसा मावतो, हे बावीस वर्षं लोकांचे तराजू धुंडाळणाऱ्या माणसाला दिसलं नाही."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. ते वाक्य वहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त तपासलं. तीन लाल खुणांतली एक आधीपेक्षा जास्त लाल झाली होती. बाईंनी विचारलं, "काय काय घेता?" साहेबांनी पिशवी टेबलावर ओतली. काढ्याची बाटली, मधाची बरणी, कॅप्सूलची डबी, आणखी दोन-तीन बाटल्या ज्या कोणी दिल्या तेही आठवत नव्हतं.

बाईंनी काढ्याची बाटली उचलली, फिरवली, त्यांच्यासमोर धरली. "यात काय आहे?"

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं. तिच्यावर लेबल नव्हतं. आत काय ते नाही, वजन नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. असलं पाकीट दुकानात सापडलं तर साहेब तिथल्या तिथे उचलून न्यायचे, आजवर पोत्यांनी उचललीत. आणि गेले दोन महिने रोज सकाळी अर्धा पेला स्वतः पीत होते. सात किलोंची वाटली नव्हती तेवढी शरम त्यांना या बाटलीची वाटली.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"लिव्हरलाही माहीत नाही. पण निस्तरावं त्यालाच लागतं," बाई म्हणाल्या. सगळं बंद करायला सांगितलं आणि नवी चिठ्ठी लिहिली. त्याच पाच ओळी. "फळ खायचं असेल तर चावून खा," एवढं तोंडी वाढवलं.

खात्याकडून सहा आठवड्यांची मुदतवाढ मिळवायची होती. अर्जाला डॉक्टरचा गोल शिक्का पाहिजे, बाईंचा शिक्का चौकोनी. कारकून म्हणाला, चौकोनी चालत नाही. साहेब म्हणाले, शिक्क्यावर काय लिहिलंय ते बघायचं असतं, आकार नव्हे, आणि हे मी बावीस वर्षं शिक्के मारून सांगतोय. कारकून म्हणाला, मग तुमच्या लक्षात कसं नाही आलं गोल लागतो म्हणून. शेवटी बाईंच्या दवाखान्याखालच्या औषधवाल्याचा गोल शिक्का शेजारी मारला आणि अर्ज पास झाला.

पुढच्या दहा आठवड्यांत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि लिव्हरला तेच हवं असतं. साहेब गोदामांच्या मागच्या रस्त्याने चालायचे, तिथे एकही दुकान नाही, फक्त भिंत. पहिल्या आठवड्यात भिंतीचा कंटाळा आला, मग पायांना वेग आला, कारण बघायला काही नसलं की माणूस लवकर संपवतो. चहातली साखर आधी अर्धी केली, मग सोडली. अर्धं ताट भाजी, बाकी अर्ध्यात जे घरात होईल ते, पोट भरेपर्यंत, पण पोट भरल्यावर नाही. तळलेलं रविवारी. दहाला दिवा बंद. मास्तरांनी दोनदा काढा पाठवला, साहेबांनी बाटलीला कोरं लेबल चिकटवून परत पाठवली आणि म्हणाले, भरून द्या. मास्तरांनी आठवडाभर विचार केला. मग काढा यायचा बंद झाला. काट्यावर साहेब चढेनात. आई रविवारी विचारायची, "वाचू का?" ते म्हणायचे, "नको."

तपासणी मंगळवारी झाली. दोन लाल खुणा गेल्या, एक राहिली, फिकट. खात्याने लिहिलं, फिरतीस हरकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. शुक्रवारी इस्त्रीने पिशवी आणून दिली. त्याच्या अंगठ्याला काळा डाग पडला होता. साहेबांनी तो बघितला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "बस. चहा घे. साखर हवी तेवढी घाल." इस्त्रीने एक चमचा घातला. साहेब बघत राहिले. त्याने दुसरा घातला नाही.

रविवारी सकाळी साहेब अंघोळ करून बाहेर आले. तक्ता काढून टाकला होता, दारावर चार टाचण्यांची भोकं होती. काटा कोपऱ्यात होता. सहज म्हणून चढले, सवयीने खाली बघितलं. पोट होतंच. पण त्याच्या पलीकडून, दोन अंगठ्यांच्या मध्ये, काट्याचं टोक दिसत होतं. त्यांनी श्वास धरला नाही, वाकले नाहीत, पोट आत घेतलं नाही. थोडा वेळ तसेच उभे राहून त्यांनी आकडा वाचला. मग सीलकडे बघितलं, ते शाबूत होतं.

मागे आई उभी होती. "किती रे?"

"चौऱ्याऐंशी तीनशे. मी स्वतः वाचलं."

आईने काट्याकडे एकदा बघितलं. मग वळता वळता म्हणाली, "माझ्याकडे होतं तेव्हा एक्क्याऐंशीपर्यंत आणलं होतं."